दिवसाला एक रुपया

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की धाराशिवकडची म्हातारी माणसं खडी फोडण्यापासून सुरुवात करतात. मुकादमाची हजेरी, घरी मिलोची भाकरी. काम सरकारने काढलं तर मिळायचं. नाही काढलं तर दाद मागायची सोय नव्हती.

ती सोय झाली त्याचं मूळ तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तिथे ‘मागेल त्याला काम’ देऊन पाहिलं. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम दिलं नाही, तर सरकारने दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलं होतं. ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने बेकारांना भत्ता मिळे, पण त्यासाठी कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाई. आपल्याकडे भूमिहीन मजुराला कसला पगार! रोजगार हमीसाठी 1975 पासून नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. एका रुपयात तेव्हाही चूल पेटत नव्हती. तरी काम न मिळणं हा सरकारचा कसूर, हे त्या रुपयाने कायद्यात लिहून घेतलं. मला ते फार मोठं वाटतं.

2005 च्या केंद्रीय कायद्याने रक्कम वाढवली: पहिले 30 दिवस मजुरीचा किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. सगळं अडायचं ते मात्र पोचपावतीवर. भूम-परंड्याकडची एखादी बाई ग्रामपंचायतीत कितीदाही ‘काम काढा की’ म्हणून आली, तरी पंधरा दिवस मोजायला सुरुवात होत नसे. नमुना 4 भरून दिला आणि तारीख घातलेली पोच हातात पडली, की मोजणी सुरू. म्हणूनच पोच द्यायला टाळाटाळ. ‘काम निघालं की कळवतो, जा आता.’ हा मजुराच्या हक्कावरचा उघड दरोडाच.

मिळालेला हक्क टिकवायचीही अट होती. काम निघाल्याचं कळूनही 15 दिवसांत हजर झालं नाही, तर तीन महिने भत्ता बंद. मागणी नोंदवून दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला हे अवघडच. पोच मिळत नसेल तर मागणी थेट तहसीलदाराकडे नोंदवायची मुभा होती, पण त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागे.