नऊचा फरक

बँकेतल्या माणसाला फरकात नऊचा आकडा दिसला की तो आधी चष्मा पुसतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. संध्याकाळी बॅलन्स जुळला नाही, की औरंगपुऱ्यातून आणलेली मेथी टेबलाखाली सुकत बसायची. बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे कळलं नाही, ते आमच्या साहेबांनी तीन मिनिटांत सांगितलं, "फरकाला नऊनं भाग. पूर्ण भाग गेला, तर आकडे उलटे पडले असण्याचा संशय घे. पासष्टचे छप्पन्न."

एकदा फरक निव्वळ नऊ रुपयांचा आला. रात्रीचे आठ वाजले होते. मी निमूटपणे खिशातून दहाची नोट काढली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिजोरी फोडायला निघालोय! म्हणाले, "फरक भरायचा नसतो, शोधायचा असतो."

त्या रात्री मला भाऊसाहेब निंबाळकर आठवले. कारण हिंदुस्थानच्या क्रिकेटातला सगळ्यात प्रसिद्ध फरकही नऊचाच आहे.

डिसेंबर १९४८. आमचं गाव निजामाच्या राज्यातून सुटून जेमतेम तीन महिने झाले होते. तिकडे पुण्यात रणजी सामना चालला होता, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडनं २३८ धावा केल्या. मग कोल्हापूरचे निंबाळकर खेळायला आले ते परत जायचं नावच घेईनात. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ करून गेले. निंबाळकर आठ तास उलटले तरी उभेच. मध्यंतराला फळ्यावर महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा १९३० सालचा जागतिक उच्चांक नाबाद ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ, मोडायला दहा.

काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. असल्या विक्रमाच्या वहीत आपल्या संघाचं नाव चढावं, हे काही त्यांना मानवेना. डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो, असं त्यांनी सांगितलं. आणि सामना सोडून निघालेही!

आता ह्याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत घडला. १९१० साली तिथं बेसबॉलमधल्या अव्वल फलंदाजाला मोटार बक्षीस लावली होती. चुरस टाय कॉब आणि नॅप लाझवे यांच्यात. कॉब कुणालाच आवडत नसे. म्हणून शेवटच्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांनी लाझवेसाठी एक गडी मुद्दाम मागं उभा केला. लाझवेनं दोन सामन्यांत आठ फटके पदरात पाडून घेतले. तरी कॉबच पुढं ठरला, आणि वाद नको म्हणून कंपनीनं मोटार दोघांनाही दिली. पण खरी मौज पुढंच आहे. १९८१ साली छापून आलं, की कॉबचा एक सामना वहीत दोनदा चढला होता. डबल पोस्टिंग! सत्तर वर्षं कुणी बॅलन्सच जुळवला नव्हता.

निंबाळकरांची वही मात्र चोख आहे. ब्रॅडमनचा उच्चांक १९५९ साली हनीफ महंमदनं ४९९ करून मोडला. म्हणजे त्या नऊ-दहा धावा मिळत्या, तरी विक्रम दहा वर्षंच टिकता. ४४३ हा प्रथम श्रेणीतला हिंदी खेळाडूचा उच्चांक मात्र आजही उभा आहे. ह्या माणसाला कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. २०१२ साली, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले. तिथंही एकाचा फरक राहिलाच.

आणि ठाकोरसाहेब? निंबाळकरांनी दहा धावा काढल्या असत्या, तर त्यांचं नाव आज कुणाला ठाऊक असतं? नोंद टाळायला निघाले, आणि नोंद कायमची झाली.

माझे नऊ रुपये त्या रात्री नवाच्या सुमारास सापडले. पासष्टचे छप्पन्न. अक्षर माझंच. साहेब काही बोलले नाहीत, नुसती माझ्या दहाच्या नोटेकडे बोट करून म्हणाले, "आता चहा मागव."