लाकूड सुकण्याची वर्षे

‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची सागवानी फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. आज, दोनशेहून अधिक वर्षांनी, ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. त्याआधी सात वर्षे, १८१० मध्ये, डेप्टफर्डला बांधलेले ‘क्वीन शार्लट’ हे शंभराहून अधिक तोफांचे जहाज मात्र कामगिरीवर निघण्यापूर्वीच कुजलेले आढळले आणि त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली.

या फरकाची दोन कारणे नेहमी दिली जातात : वाडिया घराण्याचे कसब आणि सागाची जात. दोन्ही खरी आहेत. माझ्या मते तिसरे कारणही तितकेच मोलाचे आहे, ते म्हणजे लाकडाला सुकायला दिलेला वेळ.

लाकूड हवेतला ओलावा सतत घेते आणि सोडते. त्यातला ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली गेला की ते आटू लागते. पण सगळीकडून सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आटतच नाही. रुंदीत आटते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने सर्वांत जास्त. ओक या दिशेने सागाच्या सुमारे दीडपट आटतो. मी हिशेब मांडून पाहिला : सागाची एक फूट रुंद फळी कोकणातल्या पावसाळ्यातून देशावरच्या वैशाखात नेली, तर ती चार-पाच मिलिमीटर अरुंद होऊ शकते. सागाची ही गत, तर ओकची काय?

ओली फळी जहाजाला ठोकली की ती जागेवरच आटते. सांधे उघडतात, पावसाचे पाणी आत झिरपते. मुळातच ओल्या असलेल्या, वारा न लागणाऱ्या लाकडात बुरशीला आयते घर मिळते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या घाईत इंग्लंडच्या गोद्यांत न सुकवलेले लाकूड वापरले गेले, त्याची किंमत अशी मोजावी लागली. उलट, सुकी फळी पाण्यात गेल्यावर फुगते आणि सांधा आणखी घट्ट बसतो. लाकडाचा तोच गुण एकीकडे घातक, दुसरीकडे उपकारक.

मुंबईला सागवान मुख्यतः मलबारातून येई. सागाच्या जंगलांत झाड उभे असतानाच बुंध्याभोवती साल आणि तिच्याखालचे रसाळ लाकूड कंकणासारखे कापून घेण्याची रीत होती. झाड उभ्याउभ्या दोन-तीन वर्षे वाळे, मग तोडले जाई. ओला साग पाण्यात बुडतो. असा वाळलेला साग तरंगतो, म्हणून ओंडके नदीतून वाहून नेता येत. गोदीत येण्याआधीच त्यांचे बरेचसे आटणे उरकलेले असे.

उरलेल्या हालचालीची सोय सुतार करून ठेवी. जुन्या वाड्यांच्या दारांत चौकटीच्या खाचेत बसवलेली फळी मोकळी ठेवलेली असते, ती यासाठीच. हल्ली दुरुस्तीत ती फट दोष समजून सरसाने बुजवतात; मग पहिल्याच उन्हाळ्यात शतकभर टिकलेली फळी मधोमध तडकते.

जहाजबांधणीचा आपला इतिहास जलावतरणाच्या तारखेपासून सुरू होतो आणि मालक, मिस्त्री, कप्तान यांच्या नावांवर संपतो. बुंध्यावर कंकण कापणाऱ्याचे नाव त्यात कुठेच नाही. ‘ट्रिंकोमाली’चे आयुष्य मात्र त्याच्या कुऱ्हाडीपासून मोजायला हवे.