नेटवर्क फाइल-प्रणाली : तात्पुरत्या फाइली आणि कॅशे

दुसऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेल्या फाइली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या उघडता याव्यात यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे नेटवर्क फाइल-प्रणाली. प्रत्येक वाचनासाठी सर्व्हरपर्यंत जाणे परवडत नाही, म्हणून एकदा वाचलेल्या मजकुराची प्रत वापरणाऱ्याच्या संगणकावर राखून ठेवतात. या साठ्याला कॅशे म्हणतात (मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणे, रोकड या अर्थाच्या ‘कॅश’शी त्याची गल्लत करू नये). काम चालू असताना प्रोग्रॅम ज्या कच्च्या फाइली बनवतो आणि काम संपल्यावर पुसतो, त्या तात्पुरत्या फाइली. एका डिस्कवर हे सारे बिनबोभाट चालते. मध्ये तार आली की अडचणी सुरू होतात, आणि तार जंगलातून जात असेल तर त्या रोजच्याच होतात.

अशाच जंगलमुलखात, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आहे. शेजारच्या भामरागड तालुक्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. म्हणून नवसंजीवन योजनेखाली दुर्गम गावांत पावसाळ्याचे चार महिन्यांचे धान्य आधीच पोचवून ठेवतात. कॅशेचे तत्त्व नेमके हेच : वाट बंद होण्याआधी माल जवळ आणून ठेवायचा. फरक एवढाच, की गावात ठेवलेला तांदूळ गोदामातल्या तांदळापेक्षा वेगळा होत नाही. फाइलीची प्रत मात्र सर्व्हरवर कुणी बदल केला की त्याच क्षणी शिळी होते, आणि शिळी झाल्याचे तिच्या तोंडावर दिसत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये तयार केलेल्या एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) या प्रणालीने या शिळेपणावर वेळेचा तोडगा काढला. लिनक्सवर फाइलीचा आकार, बदलाची वेळ वगैरे तपशील साधारण ३ ते ६० सेकंद खरे धरून चालतात. मुदत संपली की सर्व्हरला पुन्हा विचारतात. याच्या जोडीला एक नियम आहे : एकाने फाइल बंद केली की तिचे बदल सर्व्हरवर पोचलेले असतात, आणि त्यानंतर उघडणाऱ्याला ते दिसतात. दोघांनी एकाच वेळी फाइल उघडी ठेवली तर या नियमाचे संरक्षण संपते. समजा, सूरजागडच्या खाणीच्या रस्त्यावरील वजनकाट्यावर एकजण ट्रकांची नोंद करतो आहे आणि तीच फाइल कार्यालयात दुसऱ्याने उघडून ठेवली आहे. कार्यालयातल्याला काट्यावरून नुकत्याच गेलेल्या गाड्या दिसतीलच असे नाही. त्याने आपली प्रत साठवली तर त्या नोंदी पुसल्याही जातील.

कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८३ मध्ये सुरू झालेल्या एएफएस (अँड्र्यू फाइल सिस्टिम) या प्रणालीने उलटा मार्ग घेतला. अख्खी फाइल वापरणाऱ्याच्या डिस्कवर आणायची, आणि ती बदलली तर कळवण्याची जबाबदारी सर्व्हरने घ्यायची. त्याच विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ पासून ‘कोडा’ ही प्रणाली घडली. लागणाऱ्या फाइली जोड असतानाच साठवायच्या, जोड तुटली तरी त्यांच्यावर काम चालू ठेवायचे, आणि जोड परतल्यावर बदल सर्व्हरवर चढवायचे, अशी तिची रीत. दोघांनी एकाच फाइलीत वेगवेगळे बदल केले असतील तर यंत्र काही वेळा निवाडा करू शकत नाही. तो माणसालाच करावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, भरवशाची जोड नसलेल्या मुलखासाठी यापेक्षा प्रामाणिक मांडणी झालेली नाही. कोडाचा प्रसार मर्यादित राहिला, पण तिची कल्पना आज अनेक फाइल-सेवांत दिसते.

तात्पुरत्या फाइलींची गोष्ट अधिक नाजूक. युनिक्सवर जुनी युक्ती आहे : फाइल उघडायची, लगेच तिचे नाव पुसायचे आणि तरी वापरत राहायचे, प्रोग्रॅम संपला की जागा आपोआप मोकळी होते. एनएफएसच्या आवृत्ती २ आणि ३ मध्ये कोणती फाइल कुणी उघडली आहे याची नोंद सर्व्हर ठेवत नाही. म्हणून वापरणाऱ्याचा संगणक ती फाइल पुसण्याऐवजी ‘.एनएफएस’ने सुरू होणारे लांबलचक नाव तिला देतो आणि काम संपल्यावर पुसतो. मध्येच वीज गेली तर ती फाइल तशीच पडून राहते. दुसऱ्या संगणकावरून ती कुणी पुसली, तर चालू प्रोग्रॅमला ‘फाइलीचा धागा शिळा झाला’ अशा अर्थाची चूक येते.

यावरची चांगली वागणूक ‘मेलडिर’ या टपाल-साठवणीच्या रचनेतून शिकावी. पत्र आधी वेगळ्या कच्च्या कप्प्यात पूर्ण लिहायचे, मग नाव बदलून नव्या पत्रांच्या कप्प्यात हलवायचे. नाव बदलणे एका झटक्यात होते, त्यामुळे अर्धवट पत्र कुणाच्या हाती लागत नाही. सर्व्हरचे उत्तर वाटेत हरवले तर नाव बदलूनही ‘बदलले नाही’ असा निरोप येऊ शकतो, तेव्हा खात्री करून घ्यावी. डिस्क भरल्याची चूकही कधी कधी फाइल बंद करतानाच कळते. बंद करण्याचे उत्तर न तपासणारा प्रोग्रॅम काम फत्ते झाले असे समजून पुढे जातो.

म्हणून दुबळ्या जोडीवर तात्पुरत्या फाइलींची जागा आपल्याच डिस्कवर ठेवावी. तयार झालेली फाइल सर्व्हरवर आधी कच्च्या नावाने चढवावी आणि पूर्ण पोचल्यावर खरे नाव द्यावे. डेटाबेसची फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी उघडू नये. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून फाइलीला लावायची कुलपे तिथे भरवशाची नसतात. जोड तुटल्यावर वाट पाहणारी मांडणी गैरसोयीची वाटते, पण ठरावीक वेळाने हात टेकणाऱ्या मांडणीत मजकूर अर्धवट लिहिला जाण्याचा धोका असतो. लिहिण्याच्या कामासाठी वाट पाहणारीच निवडावी.

वर्डमधली फाइल उघडली की शेजारी ‘~$’ने सुरू होणारी छोटी तात्पुरती फाइल तयार होते. तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते, आणि वीज गेल्यावर ती मागे राहिली की फाइल अजून उघडीच असल्याचा निरोप मिळत राहतो. अशी फाइल दिसली तर आधी त्या माणसाला फोन करा, त्याने काम बंद केल्याची खात्री करा, आणि मगच ती पुसा.