झोपलेल्या गाडीला उठवू नये

आमच्या कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलसमोरून जाताना एक विचार आला. ट्रक काही दिवस उभा ठेवायचा तर बॅटरीची तार काढली की विषय संपला. इलेक्ट्रिक कारचं तसं नाही. तिला मालकाच्या मोबाइलला उत्तर द्यायचं असतं ना!

हे दुखणं फार जुनं नाही. २०१२ मध्ये टेस्लाची मॉडेल एस आली. पुढे हौशी प्रोग्रामर मंडळींनी तिच्या अ‍ॅपची भाषा उलगडून गाडीच्या नोंदी ठेवणारी स्वतःची अ‍ॅप्स लिहिली. ती गाडीला सारखी विचारत राहायची, "चार्ज किती? आहेस कुठे?" मग गाडी झोपणार कधी? जागी गाडी २०० वॅट खाते असं धरा. दिवसाला ४.८ युनिट, म्हणजे ६० युनिटच्या बॅटरीतले ८ टक्के. गणपतीला दहा दिवस कोकणात गेलात, की ८० टक्के साफ! नीट झोपू दिलं तर टेस्लाचं मॅन्युअल दिवसाला साधारण १ टक्का सांगतं.

२०१९ मध्ये आलेलं टेस्लामेट यातून शहाणं झालं. गाडी उभी दिसली की ते गप्प बसतं आणि 'झोपली का?' हे गाडीला नाही, सर्व्हरला विचारतं. २०२३ मध्ये कंपनीनेच उलटी पद्धत आणली: जागी असताना गाडी स्वतःहून माहिती पाठवते.

जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं शोरूम बीकेसीत उघडलं, म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही पार्किंगमध्ये येणार. तेव्हा गावाला निघताना बाहेरच्या अ‍ॅप्सची परवानगी काढा, सेंट्री मोड बंद करा. आणि हो, मोदक खाताना सारखं अ‍ॅप उघडून बघू नका!