गाबा ग्राही

गाबा ग्राही : चेतापेशींच्या पटलावरील प्रथिने. गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, म्हणजेच गाबा, हे मेंदूतले प्रमुख शामक रसायन. ते या प्रथिनांशी जोडले गेले की पेशीची उत्तेजना मंदावते. मेंदूत गाबा असल्याचे 1950 मध्ये युजीन रॉबर्ट्स आणि होर्हे अवापारा यांनी स्वतंत्रपणे दाखवले. ‘ए’ ग्राही पाच उपघटकांचा असतो. त्याच्या मधला मार्ग उघडून क्लोराइड आयन पेशीत शिरतात. ‘बी’ ग्राही जी-प्रथिनांमार्फत सावकाश काम करतो. झोप लागणे, भीती आवरणे, स्नायू सैल पडणे यांत दोघांचाही वाटा असतो. हे शमन कमी पडले तर फिट येऊ शकते.

दारू ‘ए’ ग्राहींचा परिणाम वाढवते आणि उत्तेजक ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही दाबते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्याशी जुळवून घेतो : शामक बाजू दुबळी होते, उत्तेजक बाजू बळावते. म्हणून तेवढ्याच नशेला जास्त दारू लागते आणि ती एकदम तुटली की उत्तेजना मोकाट सुटते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडसारख्या तालुक्यात दारू सोडायची म्हणजे देवाची शपथ किंवा गळ्यात माळ. तो निश्चय मोलाचाच. पण भारी पिणाऱ्याचे शरीर त्यासाठी तयार नसते. काही तासांतच हात कापतात, कपातला चहा बशीत सांडतो, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो : भिंतीवर किडे दिसतात, घरचे माणूस ओळखू येत नाही. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अशा रुग्णाला देवऋषीकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. उपचार न मिळाल्यास हा आजार जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाची जागा रुग्णालयातच. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय कन्नडहून सुमारे 60 किमी आहे.

तिथे डायझेपाम, लोराझेपामसारखी औषधे ‘ए’ ग्राहींना आधार देतात आणि मात्रा उतरवत बंद केली जातात. थायमिनची इंजेक्शने मेंदूची कायमची हानी टाळण्यासाठी असतात. पुढची लढाई मात्र ओढीशी. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने त्यासाठी समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भर दिला. ‘बी’ ग्राहींवर चालणारे बॅक्लोफेनही काही रुग्णांना देतात. चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

डायझेपामसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नयेत. त्या आणि दारू एकाच ग्राहीवर काम करतात. पोटात दोन्ही असल्यास श्वास थांबू शकतो.