इंचमपल्लीचा खडक आणि मेंढ्याची ग्रामसभा : गावविकासाची दीडशे वर्षं

आजचा विषय आहे गावाचा टिकाऊ विकास. हा शब्द इतका वापरून झालाय, की ऐकताच अर्ध्या लोकांना झोप येते. म्हणून मी व्याख्येपासून सुरुवात करणार नाही. सुरुवात करू इथल्या नदीपासून.

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. थोडं खाली, सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते. त्याच्याही खाली, इंचमपल्लीजवळ गोदावरीच्या पात्रात खडकाळ अडथळा आहे. आजची सगळी गोष्ट या खडकाभोवती फिरते असं म्हटलं तरी चालेल.

1860 साली इंग्रजांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्यालय ठेवलं सिरोंच्याला. आज गडचिरोलीहून इथे यायला दिवस मोडतो. मग त्या काळी जिल्ह्याचं ठाणं इथे कशासाठी? उत्तर आहे कापूस. सर आर्थर कॉटन यांनी खाली धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला होता. नदीतल्या खडकाळ अडथळ्यांना बगल देत कालवे काढायचे, वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावेत घालायचा आणि थेट समुद्रावर न्यायचा, अशी त्यांची कल्पना होती. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या योजनेला जोर चढला. तीन अडथळे पार करायचे होते. त्यातला दुसरा इंचमपल्लीचा.

पुढे काय झालं? 1865 ला युद्ध संपलं. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईच्या वाटेला लागला. 1871 ला जलमार्गाचं काम थांबलं. 1874 ला जिल्हाच मोडला. काही तालुके मद्रासकडे गेले, उरलेला भाग सिरोंचा तहसील म्हणून चांदा जिल्ह्याला जोडला गेला.

या योजनेत सिरोंच्याच्या माणसाला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं. लंडनमध्ये गरज निर्माण झाली तेव्हा काम सुरू झालं आणि ती गरज संपली तेव्हा बंद पडलं. माझ्या मते 'टिकाऊ नसलेला विकास' म्हणजे हाच. बांधकाम कच्चं होतं म्हणून तो टिकला नाही असं नाही. त्याचं मूळ या मातीत नव्हतं.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट मात्र टिकली, ती म्हणजे जंगलावरचा सरकारी ताबा. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी, आणि पुढे 1927 च्या कायद्याने, पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा माणूस कागदोपत्री जंगलात घुसलेला ठरला. बांबूची काडी आणली तरी गुन्हा. स्वातंत्र्यानंतरही हे बदललं नाही. गावाच्या शेजारचा बांबू ट्रक भरून बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा, आणि गावातल्या माणसाला टोपली विणायला, मांडव घालायला बांबू आणताना नाकेदाराची भीती.

आता शंभर वर्षं पुढे या. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा झाला. आणि त्याच सुमाराला इंचमपल्ली हे नाव पुन्हा आलं! या वेळी धरण म्हणून. गोदावरीवर इंचमपल्ली, इंद्रावतीवर भोपालपट्टणम्‌. जंगल बुडणार, माडिया-गोंडांची गावं उठणार. या वेळी लोक गप्प बसले नाहीत. 1984 च्या सुमारास 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं. त्यात लाल श्याम शहा होते, बाबा आमटे होते, आणि गावोगावची साधी माणसं होती. ही धरणं बासनात गेली.

पण मी ज्याला इतिहास म्हणतो तो इथून पुढे सुरू होतो. आंदोलन जिंकल्यावर घरी जाऊन झोपायचं, की पुढचा प्रश्न विचारायचा? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड गावाने पुढचा प्रश्न विचारला : हे जंगल आमचं आहे असं आपण म्हणतो, मग ते चालवायचं कसं? गावातले देवाजी तोफा आणि बाहेरून येऊन गावाबरोबर शिकत राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल, ही दोन नावं इथे घ्यायलाच हवीत. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

घोषणा सोपी असते. काम कसं चालायचं ते बघा. पहिली गोष्ट, निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. वेळ लागतो, मान्य. पण एकदा ठरलं की मोडणारा कुणी उरत नाही. दुसरी गोष्ट, अभ्यासगट. सभेत निर्णय घ्यायचा, पण त्याआधी गटात बसून विषय समजून घ्यायचा, मग तो कायदा असो, बांबू असो की मध. मधमाश्या न जाळता मध कसा काढायचा हे त्यांनी असंच शिकून घेतलं. तिसरी गोष्ट, बायका सभेत. गावातली दारू बंद झाली ती बायकांच्या आग्रहामुळे.

म्हणून 2006 साली वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढा तयार होतं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरी गाडी अडली. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज, पण 1927 च्या कायद्यात बांबू म्हणजे झाड! वाहतुकीचा परवाना द्यायला वनविभाग तयार होईना. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुस्तक छोटं, पण दीडशे वर्षांत पहिल्यांदा शिक्का गावाकडे आला. 2013 मध्ये गावाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांनी आपली खाजगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत खेड्यातले लोक एकमेकांच्या शेतात मिळून राबतात. त्याला ते 'कोंबित' म्हणतात. आपल्याकडे इर्जिक म्हणतात, तोच प्रकार. 2010 च्या भूकंपानंतर तिथे जगभरातून मदत आणि संस्था आल्या. पण मदतीचा मोठा हिस्सा बाहेरच्या संस्थांच्याच हातून खर्च झाला, आणि गावाची ही जुनी रीत बहुतेकांच्या हिशेबात नव्हती. चित्र ओळखीचं वाटतं ना?

आता कुणी म्हणेल, मेंढा एकच आहे. खरंय. गाव लहान, जंगल चांगलं, आणि चाळीस वर्षांचा धीर. हे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. पण रीत शिकता येते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये वनहक्क मिळवला, बांबूवर रोजगार उभा केला, आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. कारण पानासाठी झाडं छाटली जातात, आग लावली जाते. हातात येणारा पैसा एखादं गाव विचार करून सोडतं, यापेक्षा टिकाऊपणाचा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. कागद आला. त्यामागची सभा किती गावांत जिवंत आहे, हा खरा प्रश्न.

आणि तो प्रश्न सिरोंच्यात जास्त टोचतो. कारण नदी पुन्हा अडवली गेली. जून 2019 मध्ये मेडिगड्डा बॅरेजचं उद्घाटन झालं. पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी, फुगवटा आणि बुडालेली शेतं मात्र आपल्या काठावर. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले. 1871 ला थांबलेलं काम, ऐंशीच्या दशकातली धरणं आणि हे बॅरेज, तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट राहून गेली : काठावरच्या गावाला आधी विचारणं.

मी अभियंता नाही, धरण बांधावं की नाही हे मी सांगणार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढंच सांगतो, की या नदीकाठी वरून आलेलं बरंच काही वाहून गेलं, आणि पाचशे माणसांनी गोल बसून ठरवलेलं अजून उभं आहे. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, तेवढं घरी गेल्यावर विचारा. आणि जाऊन बसा.