मेजर रॉबर्ट गिल आणि अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती

अजिंठ्याच्या लेण्यांविषयीं आजवर विपुल लेखन झालें आहे. परंतु तेथील भित्तिचित्रें वर्षानुवर्षें तेथें बसून ज्यानें कापडावर उतरून घेतलीं, त्या मेजर रॉबर्ट गिलचें नांव मराठी वाचकांस बहुधा पारूच्या कथेपुरतेंच ठाऊक असतें. त्याच्या कार्याचा विचार पोथीसंग्राहकांनीं अवश्य करावा असा आहे.

गिल हा इ. स. १८०४ मध्यें जन्मला व पुढें मद्रासच्या सैन्यांत दाखल झाला. इ. स. १८१९ मध्यें त्याच सैन्यांतील जॉन स्मिथ यास हीं लेणीं दृष्टीस पडलीं होतीं. पुढें जेम्स फर्ग्युसन यानें रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें १८४३ मध्यें निबंध वाचून चित्रांच्या नाशाकडे लक्ष वेधिलें. तेव्हां कंपनीच्या डायरेक्टरांनीं १८४४ मध्यें नकलांचें काम करविण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं गिलची निवड झाली. अजिंठा त्या वेळीं, आमच्या नांदेड-लातूरप्रमाणेंच, निजामाच्या राज्यांत होता. गिल अजिंठा गांवांतील बारादरींत राहिला.

मूळ चित्रें माती व भुसा यांच्या गिलाव्यावर पातळ चुना देऊन त्यावर रंगविलेलीं. गिलच्या नकला मात्र तैलरंगांत, कापडावर, आणि आकारानें मोठ्या होत्या. माध्यम बदललें कीं छटा बदलतेच, तरीही त्या नकलांचें मोल कमी होत नाहीं. लेण्यांत पाणी झिरपत होतें, वटवाघळांचा उपद्रव होता, आणि येणारे कांहीं लोक चित्रांचे तुकडे खरवडून नेत. हा शेवटचा प्रकार मला इतर सर्वांहून निंद्य वाटतो. मूळ चित्र असें झिजत असतां एका विशिष्ट काळची त्याची स्थिति नोंदविणारी प्रत केवळ नक्कल न राहतां स्वतः साधन बनते. मूळ ताडपत्र नष्ट झाल्यावर उरलेली एकुलती प्रत संपादक कोणत्या दृष्टीनें पाहतो, हें वाचकांस सांगणें नलगे.

ह्या नकला विलायतेंत गेल्या व सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडण्यांत आल्या. डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागली आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व भस्मसात् झाल्या. प्रदर्शनांत नसलेल्या थोड्या तेवढ्या वांचल्या. त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. गिलनें घेतलेल्या जोडछायाचित्रांचें पुस्तक फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्यें निघालें होतें, तें सुदैवच. पण त्यांत रंग कोठून असणार?

पुढें मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून पुनः नकला करविल्या. नवल असें कीं, त्यांपैकींही अनेक साउथ केन्सिंग्टन येथें १८८५ च्या आगींत गेल्या! त्यांचे दोन खंड १८९६-९७ मध्यें प्रसिद्ध झाले, म्हणून कांहीं तरी हातीं राहिलें. मात्र ग्रिफिथ्स यांनीं मूळ चित्रांवर व्हार्निश फांसविलें, त्याचा त्रास पुढील जीर्णोद्धारकांस भोगावा लागला.

गिल १८७९ च्या एप्रिलांत वारला. त्याचें थडगें भुसावळास आहे. पारूचें अजिंठ्यास असून त्यावरील इंग्रजी लेखांत तिचें नांव, गिलचें तिच्यावरील प्रेम आणि मृत्यूचें वर्ष १८५६ एवढेंच आहे. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ काव्यानें ती कथा घरोघर पोहोंचविली. त्या काव्याचा आस्वाद जरूर घ्यावा. पण चरित्र लिहितांना तो दगड जेवढें बोलतो तेवढेंच मीं येथें घेतलें आहे.